तीनशे तीन मिलिलीटर

बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं, चूक मात्र ज्याची त्याची असते. सोळा वर्षं पेपर तपासून थेंबबाईंनी हा नियम मनाशी पक्का केला होता आणि तो त्यांना आजवर एकदाही नडला नव्हता. शेजारी बसलेल्या दोन मुलांची बेरीज बरोबर आली, तर त्यात नवल नाही. पण दोघांची बेरीज सारख्याच आकड्याने चुकली, तर एकाने दुसऱ्याच्या कागदात डोकावलं आहे असं खुशाल समजावं.

थेंबबाई म्हणजे सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या बाई. प्रयोगशाळेचं दार उघडताच ‘एक थेंब सांडायचा नाही’ असं बजावायची त्यांना सवय होती. मुलांनी त्यावरून हे नाव पाडलं आणि हळूहळू ते शिक्षकांच्या खोलीतही रुळलं.

सातवीची प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी झाली. प्रश्न साधा होता. मोजपात्रातल्या पाण्याची पातळी लिहा, त्यात गोट्या टाका, पुन्हा पातळी लिहा आणि गोट्यांचं आकारमान काढा. संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासताना शेवटच्या दोन टेबलांवरच्या मुलींपाशी बाईंचा हात थांबला. एकीने लिहिलं होतं, आधी दोनशे दोन मिलिलीटर, नंतर तीनशे तीन, गोट्यांचं आकारमान एकशे एक. दुसरीने लिहिलं होतं, आधी दोनशे दोन, नंतर तीनशे तीन, आकारमान एकशे एक. खरे आकडे होते दोनशे चाळीस, तीनशे साठ आणि एकशे वीस. पाणी बाईंनी स्वतः ओतलं होतं.

तिन्ही आकडे चुकलेले, आणि दोघींचे तिन्ही सारखे. पुराव्याला आणखी काय हवं?

कोणी कोणाचं उचललं, हे ठरवायलाही वेळ लागला नाही. एक मुलगी पाचवीपासून वर्गात पहिली येत होती, इतकी की तिला सगळे ‘पहिली’ म्हणूनच हाक मारत. दुसरी होती वकील. ‘पण का?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिचा एकही तास सुना जात नसे, म्हणून गणिताच्या सरांनी तिला ही पदवी दिली होती. बुधवारी पहिल्याच तासाला थेंबबाईंनी तिला उभं केलं.

“वकीलसाहेब, शेजारच्या टेबलावर काय बघत होतात काल?”

“काही नाही बाई.”

“मग तिचे तिन्ही आकडे तुझ्या कागदावर कसे आले? उडत?”

वर्ग हसला. वकील हसली नाही. “बाई, पण कशावरून तिचे माझ्याकडे आले? माझे तिच्याकडे गेले नसतील?”

“म्हणजे उचलेगिरी झाली, हे तर कबूल?”

“नाही. मी फक्त कशावरून ते विचारलं.”

“खाली बस. नोंदवहीत शेरा जाईल.”

‘कॉपी’ हा शब्द बाईंनी उच्चारला नव्हता. तो मधल्या सुट्टीत मुलांनी उच्चारला आणि शाळा सुटेपर्यंत तो सगळ्या मजल्यांवर फिरून आला.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे प्रकरण चार दिवसांत विरून गेलं असतं. पण वकीलला आठवीपासून दुसऱ्या शहरातल्या एका वसतिशाळेत जागा मिळाली होती. प्रवेश परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती, आता शाळेचा दाखला तेवढा जायचा होता. त्यावर ‘वर्तन’ असा एक रकाना असतो आणि तो नोंदवहीवरून भरतात. कागद शुक्रवारी दुपारपर्यंत टपालात पडले नाहीत, किंवा त्या रकान्यात नको ते दिसलं, तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं जाणार होतं.

गुरुवारी सकाळी वकीलची आई आली. ती कारखान्यात गणवेश शिवायची, पहिल्या पाळीतून दोन तासांची सुट्टी काढून आली होती आणि ते तिने दारातच सांगून टाकलं.

“भांडायला नाही आले, बाई. नुसतं विचारायला आलेय. माझ्या मुलीने त्या पहिलीचं बघून लिहिलं म्हणता. बरं. मग त्या पहिलीचं कसं चुकलं?”

“गडबडीत चुकलं असेल. हुशार मुलंही चुकतात.”

“तीन-तीन वेळा?”

“अहो, वाचायला काही कठीण नसतं हे. कोणीही वाचील. थांबा, दाखवते.” बाईंनी परीक्षेतलंच एक मोजपात्र कपाटातून काढलं. प्लास्टिकचं, उंच, अर्ध्या लिटरचं. नळाखाली धरून त्यात थोडं पाणी घेतलं आणि टेबलावर ठेवलं. “सांगा, किती आहे?”

आईने पिशवी खाली ठेवली. वाकली, डोळे बरोबर पाण्याच्या पातळीशी आणले. ही गोष्ट मुलांना शिकवता शिकवता बाईंच्या नाकी नऊ येत. मग बोट न लावता तिने रेघा मोजल्या.

“एकशे चार.”

“नीट बघा.”

“नीटच बघितलं. शंभर, आणि वर चार रेघा. एकशे चार.” ती सरळ झाली. “का? चुकलं?”

पाणी होतं एकशे ऐंशी. शंभर आणि दोनशेच्या मध्ये चार बारीक रेघा होत्या, म्हणजे पाच भाग, म्हणजे एकेक भाग वीस मिलिलीटरचा. थेंबबाईंनी ते समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

“असं होय. आमच्या टेपवर बारीक रेघ म्हणजे एकच. दहावर तीन रेघा असल्या की आम्ही दहा-तीन म्हणतो. वीस वर्षं तसंच चाललंय.” मग ती जराशी हसली. “आता मी कोणाचं बघून लिहिलं, ते सांगा.”

ती गेल्यावर थेंबबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. वर्षभर मुलांनी वापरलेली मोजपात्रं काचेची आणि लहान होती. त्यांच्यावर खरोखरच एक बारीक रेघ म्हणजे एक मिलिलीटर. परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या गटाच्या हातून त्यांतली दोन फुटली. मग प्रयोगशाळेच्या मावशींनी न उघडलेल्या खोक्यातली ही दोन मोठी काढून दिली आणि शेवटच्या गटात ती नेमकी शेवटच्या दोन टेबलांवर आली. वेळ उरला नव्हता, म्हणून दोन्हींत पाणी तेवढंच आणि गोट्याही मोजून तेवढ्याच, पंधरा-पंधरा.

बाईंनी मोजपात्रात तीनशे साठपर्यंत पाणी भरलं आणि ते सांभाळत सातवीच्या दुसऱ्या तुकडीत नेलं. भाषेच्या सरांचा तास चालू होता. “दहा मिनिटं द्या,” त्या म्हणाल्या. सरांनी खडू खाली ठेवला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली.

एकोणतीस मुलं हजर होती. प्रत्येकाने एकेकट्याने यायचं, बघायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. कोणी कोणाशी बोलायचं नाही.

“बाई, मार्क आहेत का?” कोणीतरी विचारलं.

“नाहीत.”

“मग कशाला?”

“मला मार्क आहेत,” थेंबबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना बरं वाटलं नाही.

चिठ्ठ्या त्यांनी तिथेच उघडल्या. तेवीस मुलांनी लिहिलं होतं, तीनशे तीन. दोघांनी तीनशे तीस. एकाने तीनशे पंधरा, ते कुठून आलं देव जाणे. तीनशे साठ लिहिणारी तीन मुलं निघाली. त्यांतल्या एकाला बाईंनी विचारलं, “तुला कसं जमलं?”

“बाबा रंगारी आहेत. रंगात पाणी घालायचं भांडं असंच आहे. मागच्या वेळी मी चुकीचं घातलं, तर पूर्ण भिंत पुन्हा मारावी लागली.” तो अभिमानाने म्हणाला, “मग शिकलो.”

म्हणजे ज्याला येत होतं, तोही शाळेत शिकला नव्हता.

आणि ही गोष्ट शाळेत शिकवायची राहते कशी, ते बाईंना कळेना. कारण कुठल्या इयत्तेला काय यायला हवं याचा, म्हणजे उद्दिष्टांचा, तक्ता त्यांच्याच डोक्यातून निघालेला होता. दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत सहावी ते आठवीची भाषा, गणित, विज्ञान आणि भूगोल-इतिहास अशा चार विषयांची उद्दिष्टं एकत्र केली, तेव्हा ती एकेचाळीस पानं भरली. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ती भिंतीवर लावायला एका कागदावर हवी होती. तेव्हा थेंबबाईंनीच तोडगा काढला : एक उद्दिष्ट, एकच विषय. जे दोन विषयांत येतं, ते एकाने ठेवायचं, दुसऱ्याने सोडायचं. मोठ्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी तो तक्ता चौकटीत घालून कचेरीत लावला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याचा फोटो काढून नेला आणि आणखी नऊ शाळांनी तो जसाच्या तसा उचलला. त्याला मात्र कोणी उचलेगिरी म्हटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत थेंबबाईंनी गणिताच्या सरांना गाठलं.

“सर, एका भागाची किंमत काढून माप वाचणं हे तुमच्याकडे आहे ना? संख्यारेषेत?”

“आमच्याकडे?” सरांनी डब्यावरचं झाकण तसंच धरून ठेवलं. “ते मी भूगोलाला दिलं. नकाशाचं प्रमाण. नकाशावर तर रोजचंच काम ते.”

भूगोलाच्या बाई खोलीत सर्वांत वयस्क. थेंबबाईंना त्या अगं-तुगं करत. त्यांनी मान वर केली. “माझ्याकडे कुठलं? मी ते हिच्यासाठी सोडलं. मोजपात्रं हिची, तापमापी हिची. अगं, तुझंच ते.”

“पण मी ते गणिताला दिलं!”

गणिताच्या सरांनी झाकण खाली ठेवलं. “वा. म्हणजे तिघांनी मिळून छान खो दिला. पळणारा कोणीच नाही.”

भाषेच्या सरांना कागद फेकवत नसत. खोलीतले सगळे त्यांच्या कपाटाची थट्टा करत. त्याच कपाटातून त्यांनी कच्च्या तक्त्याच्या प्रती काढल्या; त्या एकत्र करून पक्का तक्ता त्यांनीच केला होता. तिघांना तीन वेगळ्या प्रती गेल्या होत्या, म्हणून कोणी काय खोडलं ते दुसऱ्याला दिसलं नव्हतं. सहावीच्या पानावर एक ओळ होती : ‘पट्टी, नकाशा, आलेख किंवा मोजपात्र यांवरील एका भागाची किंमत काढून माप वाचणे.’ एका प्रतीवर ती निळ्या पेन्सिलीने खोडलेली, दुसरीवर हिरव्या, तिसरीवर लाल. लाल पेन्सिल थेंबबाईंची.

“तुम्ही एकत्र करताना विचारायचं नाही का?” गणिताचे सर भाषेच्या सरांवर घसरले.

“काय विचारायचं? बाकीच्या ओळींवर तुमची किती भांडणं! तिघांचं एकमत झालेली ही एकच ओळ. मला वाटलं, चला, कुठेतरी शहाणपण आलं.”

भूगोलाच्या बाई तेवढ्या हसल्या. मग म्हणाल्या, “त्या पोरीला तू वर्गात उभं केलंस ना?”

“केलं.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी.”

थेंबबाईंनी लाल रेघेची प्रत उचलली. तक्त्याच्या आधी दरवर्षी त्या सहावीला एक तास यावर घालवत, चार वेगवेगळी पात्रं मांडून. तक्ता झाल्यावर तो तास सुटला होता आणि सुटलेल्या तासात त्यांनी परीक्षेची उजळणी घ्यायला सुरुवात केली होती.

दुपारी त्या तिन्ही प्रती आणि एकोणतीस चिठ्ठ्या घेऊन कचेरीत गेल्या. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ऐकण्यात कसूर करत नसत.

“मुलीचं नुकसान व्हायला नको, हे खरंच,” त्या म्हणाल्या. “नोंदवहीत लिहा, समज देऊन सोडलं. दाखल्यावर ‘वर्तन चांगले’ लिहायला मग अडचण नाही. दहा मिनिटांत मिटेल.”

“समज कशाची द्यायची?”

“असं काय विचारता? पुन्हा असं करू नये म्हणून.”

“तिने काही केलंच नाही, बाई. समज देऊन सोडलं म्हणजे केलं होतं, पण सोडलं.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग काय लिहायचं म्हणता?”

“शेरा चुकीचा होता. माप वाचायला आपण तिला शिकवलंच नाही. ती ओळ तक्त्यातून मी खोडली.”

“तुम्ही एकट्यांनी नाही खोडली. तिघांनी खोडली.”

“शेरा मी एकटीने दिला.”

“ही नोंदवही अधिकारी बघतात, हे ठाऊक आहे ना? पुढच्याच महिन्यात येतील. नऊ शाळांत तक्ता लागलाय. तुमच्या एका वाक्याने तो दहाही भिंतींवरून उतरेल.”

“त्या नऊ शाळांतली मुलंही तीनशे तीनच लिहीत असतील.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर शिपाई कोणाला तरी जिन्यावरून धावू नकोस म्हणून ओरडला. मग त्यांनी नोंदवही थेंबबाईंकडे सरकवली.

“लिहा. पण खाली तुमची सही. आणि त्याच्या खाली माझा शेरा येईल, तुमच्यासाठी. यंदा बढतीची यादी जायची आहे, तेही लक्षात ठेवा. मागाहून मला म्हणू नका.”

“नाही म्हणणार.”

थेंबबाईंनी आधी मनात जुळवलं, मग लिहिलं. पाच ओळी झाल्या. पहिल्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली, आतलं वाचता येईल अशी, कारण खोडलेलं झाकायचं नसतं हा नोंदवहीचा नियम. मोठ्या बाईंनी खाली दोन ओळींत आपला शेरा लिहिला : संबंधित शिक्षिकेने पुरेशी खातरजमा न करता विद्यार्थिनीवर आरोप केला; तक्त्याची फेरतपासणी करावी. मग दाखला मागवला आणि वर्तनाच्या रकान्यात ‘चांगले’ लिहून शिक्का मारला.

शुक्रवारी सकाळी थेंबबाईंनी वकीलला कचेरीत बोलावून दाखला वाचायला दिला. तिने तो वाचला, मग उलटून मागची बाजूही बघितली.

“शेरा काढला?”

“काढला. तू कॉपी केली नव्हतीस. माझी चूक झाली.”

“हे वर्गात सांगणार ना?”

थेंबबाईंच्या डोक्यात प्रकरण दाखल्यावरच्या शिक्क्यापाशी संपलं होतं.

“सगळ्यांसमोर म्हणालात ना, म्हणून विचारलं,” वकील म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसता मुद्दा होता. “दाखला तर नव्या शाळेतच बघणार.”

पहिल्या तासाला त्या नोंदवही आणि मोठ्या मोजपात्रांचं खोकं घेऊन वर्गात गेल्या आणि पाच ओळी होत्या तशा वाचल्या. आपलं नाव आलं तिथेही थांबल्या नाहीत. वाचून झाल्यावर वर्गात चुळबुळ झाली. पहिली खाली मान घालून बसली होती. दोन दिवस तीही घरी काय काय ऐकून आली असेल, हे थेंबबाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

“आणि हिनेही कॉपी केलेली नाही,” त्या म्हणाल्या. “दोघींनीही नाही.”

मागच्या बाकावरून एक हात वर आला. “बाई, मग तुम्हाला शेरा कोण देणार?”

“मोठ्या बाईंनी दिलाय.”

“काय लिहिलंय?”

“आरोप करण्याआधी बघायला हवं होतं, असं.”

“फक्त एवढंच?”

“एवढं पुरतं,” थेंबबाई म्हणाल्या. यावर वर्ग हसला आणि या वेळी वकीलही हसली. मग तिने हात वर केला.

“बाई, आम्हाला शिकवलंच नव्हतं, तर त्या प्रश्नाचे मार्क मिळणार?”

थेंबबाईंनी या प्रश्नावर रात्री विचार करून ठेवला होता. “नाही. उत्तर चुकलंय, मार्क गेले. तुझेही आणि हिचेही.”

“पण का?”

“कारण पाणी तीनशे साठच होतं.”

वकील उभी राहून विचार करत राहिली. बाईंना वाटलं, आता ‘कशावरून’ येणार. आलं नाही. तिने मान हलवली, म्हणजे मुद्दा पटला नसला तरी समजला, आणि खाली बसली. थेंबबाईंनी नोंदवही मिटली, खोक्यातून मोठी मोजपात्रं काढून टेबलावर मांडली आणि फळ्यावर उभी रेघ ओढून तिच्यावर फक्त दोन आकडे लिहिले.

दाखला दुपारी सव्वाबाराच्या टपालाने गेला.